अकरा वर्षांची गाडी, दारव्हा तालुका: विकायची की ठेवायची?

गुरुजींचं नाव देत नाही, गावाचंही नाही. दारव्हा तालुक्यातलं गाव, जिल्हा परिषदेची शाळा, सहा एकर कोरडवाहू शेतीत कपाशी आणि तूर. वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, मुलगी नागपूरला शिकते, मुलगा बारावीत. दारात २०१४ ची, ११९७ सीसीची पेट्रोल हॅचबॅक आहे. पासिंग एमएच-२९, म्हणजे यवतमाळचंच. २०१९ मध्ये त्यांनी ती एका ओळखीच्या माणसाकडून घेतली. शाळेत ते मोटरसायकलनेच जातात. गाडी निघते ती बाबांना यवतमाळला दवाखान्यात न्यायला, लग्नसराईत, मुलीला आणायला-सोडायला आणि बाजाराला.

मी दारव्ह्यात पगारदारांचे आयकराचे रिटर्न भरून देतो. त्यामुळे लोक फॉर्म १६ घेऊन येतात आणि जाताना घरातलं काहीतरी विचारून जातात. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्या दिवाळीत असं विचारणारे बरेच झाले. गुरुजी शोरूमचं कोटेशन घेऊनच आले होते.

"भाऊ, जुनी गाडी लाख रुपये खाते वर्षाले. त्यापेक्षा नवी काय वाईट?"

लाखाचा आकडा हवेतला नव्हता. गुरुजी मागच्या पानावर सगळं लिहून ठेवणाऱ्यांपैकी आहेत. ऑक्टोबर २०२४ ते सप्टेंबर २०२५ या वर्षात गाडी साधारण ८,००० किलोमीटर चालली. ॲव्हरेज १६ चं, पेट्रोल १०५ रुपये लिटर धरलं तर ५२,५०० रुपये. विमा ११,८००. सर्व्हिसिंगचं एकच बिल, १८,६००. उंदरांनी कुरतडलेली वायरिंग ६,४००. दोन टायर ७,६००. पीयूसी, पंक्चर, टोल, धुलाई वगैरे ४,७००. बेरीज १,०१,६००.

शोरूमच्या माणसाने याच आकड्यावर बोट ठेवलं होतं. नवी गाडी २२ चं ॲव्हरेज देते, पेट्रोल वाचेल, पाच वर्षं मोठं काम निघणार नाही, वर एक्स्चेंज बोनस. तोंडी ऐकताना हे पटतं. म्हणून आधी कोटेशनचाच हिशेब मांडला.

नव्या गाडीचा कागद

एक्स-शोरूम किंमत ७,५०,०००. महाराष्ट्रात दहा लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला वैयक्तिक नावावर एकरकमी रोड टॅक्स ११ टक्के, म्हणजे ८२,५००. विमा आणि बाकीचं ३७,५०० धरून ऑन-रोड ८,७०,०००. जुन्या गाडीचे १,७०,००० मिळणार, रोख ५०,००० भरायचे आणि उरलेल्या साडेसहा लाखांचं कर्ज साडेनऊ टक्क्यांनी सात वर्षांसाठी. हप्ता १०,६२० च्या आसपास. गुरुजींना तो जमण्यासारखा वाटला, कारण त्यांनी तो पगाराच्या स्लिपशेजारी ठेवून पाहिला होता. मी त्याला ८४ ने गुणून दाखवलं. सुमारे ८ लाख ९२ हजार होतात, त्यात व्याजच २ लाख ४२ हजार. तेच कर्ज पाच वर्षांत फेडलं तर व्याज १ लाख ६९ हजारांवर येतं, पण हप्ता साडेतेरा हजारांच्या वर जातो. तो त्यांना झेपत नव्हता. आणि पगारदार माणसाला पेट्रोल गाडीच्या कर्जाच्या व्याजावर आयकरात काही सूट नाही. शोरूममध्ये कुणी तसं सांगितलं असेल तर ते विसरावं.

मग किंमत उतरण्याचा हिशेब. विम्यासाठी गाडीची किंमत ठरवायचा ठरलेला तक्ता आहे: सहा महिन्यांपर्यंत ५ टक्के घट, वर्षापर्यंत १५, दुसऱ्या वर्षी २०, तिसऱ्या वर्षी ३०, चौथ्या वर्षी ४० आणि पाचव्या वर्षी ५०. बाजारभाव यापेक्षा थोडा वर-खाली असतो, पण अंदाजाला तक्ता पुरे. साडेसात लाखांची गाडी पाच वर्षांत पावणेचार लाखांची. म्हणजे वर्षाला सरासरी ७५,००० रुपये गाडी दारात उभी राहून संपतात. व्याजाचे वर्षाला साडेचौतीस हजार धरा. चाक न फिरवता १,०९,००० च्या वर गेले, आणि रोड टॅक्सचे ८२,५०० वेगळेच.

याच्या बदल्यात पेट्रोल किती वाचणार? ८,००० किलोमीटरला १६ च्या ॲव्हरेजने ५०० लिटर लागतं, २२ च्या ॲव्हरेजने ३६४. फरक १३६ लिटरचा, म्हणजे वर्षाला १४,३०० रुपये.

गुरुजी बराच वेळ कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे चौदा हजार वाचवाले लाखाची गाडी?" वर्षाला वीस-पंचवीस हजार किलोमीटर गाडी पळवणाऱ्याचं गणित निराळं येईल. आपल्याकडे गावात राहणाऱ्या नोकरदाराची गाडी मात्र बहुतेक दिवस निंबाखाली उभी असते, आणि उभ्या गाडीला ॲव्हरेज नसतं.

जुनी गाडीही उतरतेच, पण तिचं उतरायचं बरंचसं होऊन गेलं आहे. वर्षाला फार तर वीस हजार. ते धरले तरी गेलं वर्ष १,२१,६०० ला पडलं. नवीला पेट्रोल धरूनच १,४७,००० च्या पुढे, विमा आणि सर्व्हिसिंग त्यानंतर.

एक्स्चेंजबद्दलही दोन शब्द. शोरूमने १,७०,००० लावले, यवतमाळला ओळखीत विचारलं तर दोन लाख मिळत होते. बोनस म्हणून जे दिलं जातं ते पुष्कळदा जुन्या गाडीच्या भावातूनच काढलेलं असतं. गावातला एक जण रोख दोन लाख द्यायला तयारही होता, पण त्याला गाडी शंभराच्या स्टॅम्पपेपरवर हवी होती, आरसी, म्हणजे नोंदणीचा दाखला, "सावकाश" नावावर करायची होती. असा सौदा आपल्याकडे सर्रास होतो. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरून गाडी नावावरून उतरेपर्यंत कायद्याच्या दृष्टीने मालक जुनाच राहतो, आणि अपघात झाला तर नुकसानभरपाईची जबाबदारी आरसीवर नाव असलेल्याची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये स्पष्ट केलं आहे. तीस हजारांसाठी ती टांगती तलवार कोण घेईल?

विकायचा विषय इथे संपला. पण जुनी गाडी ठेवायची म्हणजे लाखाचा खर्च सोसत बसायचं असं नाही. पेट्रोल सोडून ४९,१०० रुपये गेले होते, ते कुठे गेले हे एकेक करून पाहिलं.

बिलाची दोन पानं

सगळ्यात मजेदार कागद जिल्ह्याच्या ठिकाणच्या सर्व्हिस सेंटरचा. १८,६०० रुपयांचं बिल, त्यावर गुरुजींची सही, आणि त्यातल्या निम्म्या ओळी त्यांनी कधी वाचलेल्याच नव्हत्या. मी वहीत दोन बाजू पाडल्या. एका बाजूला इंजिन ऑइल, ऑइल फिल्टर आणि एअर फिल्टर ३,४००, पुढचे ब्रेक पॅड २,७००, कूलंट ९००, मजुरी २,८००, अलाइनमेंट-बॅलन्सिंग १,२००. एकूण ११,०००. दुसऱ्या बाजूला इंजेक्टर क्लीनिंग १,६००, डीकार्बनिंग (इंजिनमधली काजळी काढणं) १,९००, एसीचं निर्जंतुकीकरण ९००, खालून कोटिंग २,४०० आणि आतली सफाई ८००. ही बेरीज ७,६००.

दुसऱ्या बाजूचं काम कधीच करायचं नसतं असं मी म्हणणार नाही. इंजिन मिसफायर होत असेल, पिकअप गेला असेल तर इंजेक्टर बघावेच लागतात. पण गाडीच्या पुस्तिकेत या पाचपैकी एकही काम दर वर्षी करायला सांगितलेलं नाही, आणि गुरुजींच्या गाडीला तशी तक्रारही नव्हती. आपल्या कोरड्या हवेत खालून दर वर्षी कोटिंग कशाला? कोकणातल्या खाऱ्या वाऱ्याची गोष्ट वेगळी. जॉबकार्ड, म्हणजे करायच्या कामांचा कागद, भरताना "एवढंच करा, बाकी काही निघालं तर आधी फोन करा" असं लिहून घेतलं असतं तर ७,६०० तिथेच थांबले असते.

पुढचं सर्व्हिसिंग दारव्ह्याच्या मिस्त्रीकडे करायचं ठरलं. नवी गाडी असती तर वॉरंटीसाठी सर्व्हिस सेंटरचा शिक्का लागला असता. अकरा वर्षांच्या गाडीची वॉरंटी कधीच संपली. मिस्त्रीकडे एक पथ्य मात्र पाळायचं: ऑइल आणि फिल्टर आपण आणायचे, पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचेच, कंपनीच्या सीलबंद डब्यातले, पक्क्या बिलावर. या गाडीला तीनेक लिटर ऑइल लागतं. माल तीन हजारांत आणि मजुरी सातशे. ड्रममधलं सुटं ऑइल दोनशे रुपयांनी स्वस्त पडतं म्हणून घालू नये.

काही ठिकाणी हात आखडलेला महागात पडतो. एअर फिल्टर त्यातलाच. पुस्तिकेतले किलोमीटर चांगल्या रस्त्याचे असतात. कापूस घरी येण्याच्या दिवसांत शेताकडच्या पांदणीने दोन-चार वेळा गाडी गेली की फिल्टर मातीने भरतो. मिस्त्रीकडे गेल्यावर तो काढून हवेने झटकून घ्यायचा आणि काळा पडला असेल तर बदलायचा, वस्तू तीन-चारशेची. दुसरं कूलंट. गुरुजी उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचं पाणी घालत आले होते. बोअरच्या पाण्यातल्या क्षारांनी रेडिएटर आतून धरतो, आणि मे महिन्यात पारा ४५ च्या वर असताना गाडी तापली तर हेड गॅस्केटचं काम निघतं. ते वीस-पंचवीस हजारांचं. नऊशेचं कूलंट त्यापुढे काहीच नाही. टायर आणि ब्रेक यांबद्दल तर बोलायलाच नको.

टायरवरून एक गोष्ट निघाली. गुरुजींना दोन टायर "नवीन" म्हणून स्वस्तात मिळाले होते. टायरच्या बाजूला चार आकडे असतात: पहिले दोन आठवड्याचे, नंतरचे दोन वर्षाचे. ३५१९ असेल तर तो २०१९ च्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. गुरुजींचे टायर दुकानात चार वर्षं पडून होते. रबर वापरलं नाही तरी म्हातारं होतं, आणि आपल्या उन्हात लवकर होतं. कारंज्याला समृद्धी महामार्गावर चढून ताशी शंभरच्या वर गाडी नेणार असाल तर हे चार आकडे वाचूनच पैसे द्यावेत. हवेचा आकडा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर असतो. ती सकाळी, टायर थंड असताना तपासायची. पंपावरचा पोरगा सगळ्यांना एकच आकडा मारतो.

ॲव्हरेज आधी साडेसतराचं होतं, १६ वर आलं, अशी तक्रार होती. गुरुजींचा सगळा राग इथेनॉलवर. थोडा खरा आहे. आता पंपावर २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्याची ऊर्जा लिटरमागे कमी, आणि २०१४ ची गाडी त्या मिश्रणासाठी बनवलेली नाही. त्यासाठीचे सुटे भाग गाड्यांत एप्रिल २०२३ पासून आले. पण चारही चाकांत हवा कमी होती आणि फिल्टर चोंदलेला होता, तेही धरा. इथेनॉलवर आपला इलाज नाही, हवेवर आहे. इंधनाच्या जुन्या रबरी नळ्या मात्र मिस्त्रीला दाखवून घ्यायला सांगितल्या.

उंदरांचं बिल वाचताना गुरुजींच्या घरच्या बाई बाहेर आल्या. "मी केव्हाची सांगून राहिली यांना, तुरीची पोती अन् गाडी एका कोठ्यात ठेवू नका." वायरिंग कुरतडायला उंदीर गाडीसाठी येत नाही, तो धान्यासाठी येतो आणि ऊब बघून बॉनेटखाली राहतो. गावात लोक बॉनेटमध्ये तंबाखूची पानं ठेवतात, वास आहे तोवर उपयोग होतो. गाडी आता अंगणात पत्र्याखाली उभी असते. डिसेंबरात तूर घरात येण्याच्या आधीच ती हलवली. इथे सहा हजारांची बचत एका वाक्याची होती, आणि ते वाक्य वर्षभर कुणी ऐकलं नव्हतं.

विम्यातली गळती

११,८०० चा हप्ता जास्त का, हे पाहायला पॉलिसी उलगडली. थर्ड पार्टीचा, म्हणजे आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान झालं तर त्याच्या भरपाईच्या विम्याचा, दर सरकार ठरवतं. जून २०२२ पासून १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला तो ३,४१६ रुपये आहे. तो भरावाच लागतो आणि त्यात कुणी सूट देऊ शकत नाही. उरलेला हप्ता स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, आणि नो क्लेम बोनस त्याच भागावर मिळतो. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की २० टक्के, मग २५, ३५, ४५ आणि पाच वर्षांनंतर ५०.

२०२३ मध्ये गुरुजींचा बंपर बाजारात ठोकला गेला. खर्च ४,२००. एजंट म्हणाला, विमा आहे तर क्लेम करून टाकू. प्लॅस्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापला जातो, वरचे हजार रुपये आपल्यालाच भरावे लागतात. गुरुजींच्या हातात १,९०० आले. त्या वेळी बोनस ४५ टक्के होता आणि पुढे ५० होणार होता, तो शून्यावर आला. स्वतःच्या नुकसानीचा हप्ता पाचेक हजार धरला तर पहिल्या वर्षी अडीच हजार, दुसऱ्या वर्षी दीड, तिसऱ्या वर्षी सव्वा हजार जास्त गेले. १,९०० साठी ५,२५०. बंपर, आरसा, लाइट असल्या कामांना क्लेम करूच नये, निदान बोनसचा आकडा विचारल्याशिवाय नाही. हा बोनस माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. गाडी विकली तरी तो पुढच्या गाडीला नेता येतो, पण पॉलिसी संपून ९० दिवस उलटले तर जातो.

दुसरी गळती मालक-चालकाच्या वैयक्तिक अपघात विम्याची. १५ लाखांचं हे संरक्षण बंधनकारक आहे, पण एका माणसाला एकच पुरतं. गुरुजी मोटरसायकलच्या पॉलिसीतही भरत होते आणि गाडीच्याही. गाडीवरचं काढलं. चावी हरवण्याचं वगैरे जोडलेलं होतं, तेही काढलं. २५ टक्के बोनस धरून नवा हप्ता जीएसटीसकट साडेआठ हजारांच्या आत बसला.

नुसत्या थर्ड पार्टीवर यायचं का, यावर आमची घासाघीस झाली. ते जीएसटीसकट ४,०३१ रुपयांत होतं. गुरुजींचं म्हणणं, गाडी दोन लाखांची, कशाला जास्त भरा? मला ते पटलं नाही. दारव्हा-यवतमाळ रस्त्यावर संध्याकाळी रोही (नीलगाय) आडवा येतो, रानडुक्कर येतं. दीड-दोन लाखांचा फटका हे घर एका झटक्यात सोसू शकेल का? नाही. मग चार-साडेचार हजार वाचवणं बरोबर नाही. ज्याला सोसवेल त्याने थर्ड पार्टीवर यावं. गुरुजींनी या वर्षापुरतं ऐकलं.

गाडी काढा नं, गुरुजी

वहीत ज्याचा रकाना नव्हता तो खर्च गावाचा. गावात चारचाकी मोजक्या, गुरुजी नाही म्हणणारे नव्हेत. वरातीला गाडी, साक्षगंधाला गाडी, कुणाला यवतमाळला कोर्टात सोडायला गाडी. आठ हजारांतले दीडएक हजार किलोमीटर लोकांचे असावेत. कुणी पेट्रोल टाकून देतं, कुणी पाचशेची नोट खिशात कोंबतं. ती नोट जास्त धोक्याची. खासगी पांढऱ्या पाटीची गाडी भाड्याने चालवली तर ते पॉलिसीच्या अटींविरुद्ध आहे, आणि अपघातात बसलेल्या कुणी "आम्ही भाडं दिलं" असं पोलिसांना सांगितलं तर क्लेम अडतो.

यावरचा नियम घरच्या बाईंनी घातला. रात्री-बेरात्री रुग्ण असेल आणि १०८ ला उशीर असेल तर गाडी निघणार, पैसे घ्यायचे नाहीत. लग्नाला गाडी नाही. वाईटपणा त्यांनी स्वतःकडे घेतला. "घरचे देत नाहीत" असं म्हटलं की गुरुजी सुटतात.

नागपूरच्या फेऱ्याही कमी झाल्या. समृद्धीवर कारला किलोमीटरमागे दोन रुपये सहा पैसे टोल आहे, त्यात पेट्रोल. मुलगी एसटीने येते. १७ मार्च २०२३ पासून महिलांना निम्मं तिकीट आहे. सामान असेल तेव्हाच गाडी. बाबांना पंचाहत्तरीपुढचे म्हणून एसटी मोफत आहे, तरी दवाखान्याला ते गाडीनेच जातील, हे मी आधीच सांगून टाकलं. गाडी ठेवायची ती यासाठीच. राष्ट्रीय महामार्गाचा, तेव्हा तीन हजारांचा असलेला वार्षिक फास्टॅग पास घ्यावा का, असंही गुरुजींनी विचारलं. त्यात २०० फेऱ्या किंवा एक वर्ष मिळतं, समृद्धीवर तो चालत नाही. वर्षातून पंचवीस-तीस वेळा टोल ओलांडणाऱ्याला तो कशाला?

पुढच्या वर्षाचा अंदाज असा: ६,५०० किलोमीटर, पेट्रोल साधारण ४२,७००, विमा ८,५००, सर्व्हिसिंग आणि किरकोळ कामं ८,०००, टायरसाठी बाजूला ४,०००, इतर ४,३००, एसटीची तिकिटं २,६००. सत्तर हजारांच्या आसपास. आरसीची मुदत २०२९ ला संपते, तेव्हा पुनर्नोंदणीची फी ५,००० रुपये, वर पर्यावरण कर. तोवर महिन्याला पाच हजारांची आरडी शिक्षकांच्या पतसंस्थेत सुरू केली आहे. हप्त्याला साडेदहा हजार देऊ शकणाऱ्या माणसाला हे जड नाही.

एसीचा निर्णय अजून बाकी आहे. कॉम्प्रेसर आवाज करतो, मिस्त्रीने चौदा हजार सांगितले. गुरुजी काच उघडून काम भागवायचं म्हणतात. बाबांना मे महिन्यात भर दुपारी यवतमाळहून परत आणायचं असतं, म्हणून माझं मत करून घ्यावं असं आहे, पण दुसऱ्या एका मिस्त्रीला दाखवून. नुसत्या बेअरिंगवर काम भागत असेल तर खर्च बराच उतरेल. मार्च संपायच्या आत दाखवायला सांगितलं आहे.